कोतवाल बुकातली मानमोडी : आपल्या गावचा १९१८ चा हिशेब कसा काढावा

१९१८ च्या इन्फ्लुएंझानं, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीनं, हिंदुस्थानात माणसं किती गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. त्या साथीत एवढे बळी दुसऱ्या कुठल्याच देशात गेले नाहीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण तुमच्या गावातली किती गेली, कोणत्या पंधरवड्यात गेली, त्यांत लेकुरवाळ्या बायका किती होत्या, हे कुठल्या ग्रंथात मिळायचं नाही. ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, रुमालात बांधून ठेवलेल्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत आहे आणि थोड्या चिकाटीनं कोणालाही काढता येतं.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तासगावात राहते, मोडी वाचते. जात पडताळणीसाठी लोक जुन्या नकला घेऊन माझ्याकडे येतात. पणजोबाच्या नावापुढं ‘कुणबी’ लिहिलंय का, एवढं त्यांना हवं असतं. तेवढं वाचून झालं की ते कागद घडी घालून निघतात. पण पान जर १९१८ च्या ऑक्टोबरचं असलं, तर मी त्यांना बसवून घेते आणि वरच्या-खालच्या ओळीही वाचून दाखवते. एकाच घरात सासू, सून, दीर. चार दिवसांत तिघं. कारणाच्या रकान्यात तिघांपुढं एकच शब्द : ताप. हे वाचल्यावर माणूस गप्प होतो आणि मग विचारतो, ‘बाई, हे सगळ्या गावाचं काढता येईल का?’ येईल. कसं, ते सांगते.

पहिलं काम घरबसल्या करायचं आहे. १९१८ साली तुमचं गाव कोणाच्या अमलाखाली होतं ते बघा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे तालुके इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात. सांगली, मिरजेच्या दोन पात्या, जत, फलटण ही पटवर्धन, डफळे, निंबाळकरांची वेगवेगळी संस्थानं, आणि त्यांची गावं इंग्रजी गावांत अशी मिसळलेली की शिवेपलीकडं कायदा बदलायचा. इंग्रजी मुलखातल्या गावाचं बुक ठरलेल्या नमुन्यात असतं आणि बहुधा तालुक्याला सापडतं. संस्थानी गावाचं दप्तर विलीनीकरणात इकडून तिकडं गेलेलं असतं, म्हणून तिथं आधी चौकशी करा आणि मगच अर्ज लिहा.

अर्जात ‘फ्लूची माहिती हवी’ असं लिहू नका. त्या नावाचं काही दप्तरात नाही. लिहा : ‘मौजे अमुक, गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यू नोंदवही, सन १९१३ ते १९२०, पाहणीसाठी व नकलेसाठी.’ कचेरीत याला कोतवाल बुक म्हणतात किंवा नुसतं ‘चौदा नंबर’. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या कारकुनाला काम नीट समजावून सांगा. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम निघाली तेव्हा या लोकांनी धुळीचे रुमाल रात्र-रात्र उपसले आहेत, त्यांना कोणतं बुक कोणत्या मांडणीवर आहे ते तोंडपाठ असतं. त्याच वेळी पुष्कळ दप्तर स्कॅनही झालं. तुमच्या गावाचं झालं असेल तर मूळ कागद हाताळूच नका, पडद्यावरच बघा.

मूळ बुक हातात घ्यावंच लागलं तर हात कोरडे ठेवा. थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती दाराबाहेर ठेवून या. शंभर वर्षांचा कागद कोपऱ्याला तुटतो, म्हणून पान वरच्या कडेनं, तळवा खाली धरून उलटायचं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी अजिबात नको. फोटोची परवानगी मिळाली तर खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको.

आता वाचन. काही बुकं बाळबोधीत असतात, बरीचशी मोडीत. मोडीला घाबरू नका. बखर वाचायची असेल तर वर्षं लागतात. मृत्यूची नोंदवही वाचायला पंचवीस-तीस शब्द पुरतात, कारण तेच ते शब्द ओळीमागून ओळी येतात. मोडी लिहिणारा आधी शिरोरेघ ओढतो आणि मग लेखणी फारशी न उचलता लिहीत जातो, शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. अंक मात्र जवळपास आपलेच, म्हणून तारीख आणि वय पहिल्याच दिवशी वाचता येतं. नावात ‘बिन’ आलं की त्याच्या पुढं बापाचं नाव. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की बाई, आणि पुढं नवऱ्याचं नाव. ‘मयत’ हा शब्द तर इतक्यांदा येईल की त्याचा आकार डोळ्यांत बसेल. ज्यांना नीट शिकायचं आहे त्यांच्यासाठी राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं.

सगळ्यांत महत्त्वाचा तो कारणाचा रकाना. सरकारनं कारणं ठरवून दिलेली होती : कॉलरा, देवी, प्लेग, ताप, आव-हगवण, श्वसनाचे विकार, अपघात-इजा आणि इतर. यांत इन्फ्लुएंझाला घरच नव्हतं. गावात डॉक्टर नव्हता. मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांचं मिशन इस्पितळ १८९४ पासून चालू होतं, पण माणदेशातल्या माणसाला मिरज केवढी लांब! नोंद करणारा गावकामगार अंगाला हात लावून काय कळेल ते लिहायचा, म्हणून जवळपास सगळे ‘ताप’ या रकान्यात जाऊन पडले. काही थोडे श्वसनाच्या विकारात. खरं तर त्यातल्या बहुतेकांचा जीव न्यूमोनियानं गेला. विषाणूनं फुप्फुसाचं अस्तर सोलून काढलं की घशातले नेहमीचे जंतू आत शिरायचे, आणि त्यांवर औषध नव्हतं; पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा. इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसातून पहिल्यांदा वेगळा काढला तो १९३३ साली, लंडनला. म्हणजे कारकुनाला दोष द्यायचं कारण नाही, त्या काळी मोठमोठे डॉक्टरही भलत्याच जंतूवर बोट ठेवत होते.

कारणावरून सापडत नाही, मग शोधायचं कसं? महिन्यांवरून. एका कागदावर बारा महिन्यांचे बारा उभे रकाने आखा आणि १९१३ ते १९२० अशी आडवी वर्षं. प्रत्येक मयतासाठी एक रेघ. नावं नंतर, आधी फक्त रेघा. १९१८ च्या ओळीत सप्टेंबरपर्यंत तुम्हाला काही वेगळं दिसायचं नाही, आणि मग ऑक्टोबरच्या चौकोनात रेघा मावेनाशा होतील.

हिशेब असा. १९१३ ते १९१७ या पाच वर्षांत सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मिळून सरासरी किती मयत होत ते काढा. समजा १२. १९१८ च्या त्याच चार महिन्यांत ७० निघाले. जादा झाले ५८. आता १९११ च्या जनगणनेतली गावची वस्ती घ्या, समजा ११००. म्हणजे हजारी सुमारे ५३. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत, कोणत्या गावाचे नाहीत.) देशाचे जे अंदाज सुरुवातीला सांगितले तेही याच रीतीनं काढलेले आहेत, नेहमीपेक्षा जादा किती, एवढं धरून. मुंबई इलाख्यात त्या चार महिन्यांत दहा लाखांहून अधिक माणसं गेली आणि हजारी प्रमाण पन्नासच्या वर होतं, तेव्हा तुमच्या गावाचा आकडा त्याच्या आसपास आला तर दचकू नका. फार कमी आला तर मात्र बुक पुन्हा बघा. नोंद करणारा कुलकर्णी आणि खबर देणारा कोतवाल दोघंही आजारी पडले असतील, तर पंधरा-पंधरा दिवस नोंदच नसते. मग एके दिवशी वेगळ्याच अक्षरात, एकाच तारखेखाली नावांची रांग लागते. अशी रांग दिसली की समजा, कोणीतरी उठून बसल्यावर आठवून आठवून लिहिलेलं आहे. जे आठवले नाहीत ते त्यात नाहीत.

एक सावधगिरी. आपल्या भागात १८९७ नंतर प्लेग ठाण मांडून होता आणि त्याचाही हंगाम पावसाळा सरता-सरता सुरू होई. सरासरीच्या पाच वर्षांत एखादं वर्ष प्लेगानं फुगलेलं असेल तर ते गाळा किंवा त्यातली प्लेगाची नावं वजा करा. नाहीतर मानमोडी आहे त्यापेक्षा लहान दिसेल.

आता ती तुमच्या गावात आली कधी आणि कुठून, ते बघू. मला या शोधातला हा भाग फार जवळचा वाटतो, कारण सारं जग एका वेशीतून आत येताना दिसतं. १९१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस प्रांतात, कॅम्प फन्स्टन नावाच्या लष्करी छावणीत शिपाई तापानं पडू लागले. तिथून सैन्याबरोबर ती फ्रान्सला गेली. लढणाऱ्या देशांनी वर्तमानपत्रांवर पहारा बसवला होता. स्पेन युद्धात नव्हता, तिथल्या पत्रांनी मोकळेपणी बातम्या छापल्या, म्हणून साथीला नाव मात्र स्पेनचं चिकटलं. आपल्याकडं ती मुंबई बंदरातून आली. १० जून १९१८ ला सात पोलीस शिपाई तापानं इस्पितळात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या जहाजातून रोग उतरला, असं शहराचे आरोग्याधिकारी टर्नर यांचं मत होतं. मेसोपोटेमियाच्या आघाडीची सगळी ये-जा त्याच बंदरातून चाले, आणि त्या आघाडीवर आपल्या सातारा जिल्ह्यातले किती जवान होते ते अपशिंग्यासारख्या गावांना वेगळं सांगायला नको.

ती पहिली लाट हलकी होती. दुसरी सप्टेंबरात उठली आणि ती जीव घेऊ लागली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेली. गिरण्यांमधून सातारा-रत्नागिरीचे कामगार, त्यात नवरात्र तोंडावर, आणि आजारी माणसाला घरचीच आठवण येते. मुंबईहून पुणं, पुण्याहून मीटर गेज गाडीनं लोणंद, वाठार, रहिमतपूर, कराड, भिलवडी, मिरज. तुमच्या गावाला सगळ्यात जवळचं स्टेशन कोणतं आणि आठवड्याचा बाजार कोणता, ते लिहून ठेवा. मग स्टेशनाजवळच्या एका गावाचं आणि आडबाजूच्या एका गावाचं बुक शेजारी ठेवून बघा, पहिली ‘ताप’ मयतांची गर्दी कोणत्या तारखेला सुरू होते. दोन तारखांमधलं अंतर म्हणजे रोगानं पायी आणि बैलगाडीनं केलेला प्रवास. पुढं ती उत्तरेकडं आणि पूर्वेकडं गेली; पंजाबात ऑक्टोबरच्या अखेरीस, बंगालात त्याहून उशिरा, आणि जाता जाता तिचा जोर कमी होत गेला. म्हणजे सगळ्यांत वाईट तडाखा खाल्लेल्या मुलखांत आपला मुलूख येतो.

तारखा मराठी महिन्यांत असतील तर हे लक्षात ठेवा : तेव्हा शके १८४० होतं. दसरा आला १५ ऑक्टोबरला. शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला तोच हा दसरा, म्हणून जुन्या माणसांशी बोलताना ही खूण कामी येते. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतची पानं सावकाश वाचा.

त्याच वर्षी पाऊसही गेला होता. १९१८ चा मोसमी पाऊस त्या शतकातल्या सगळ्यांत कमी पावसांपैकी एक. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात बाजरी हाताला लागली नव्हती, आणि शाळूच्या पेरणीच्या ऐन दिवसांत घरातली राबती माणसं अंथरुणाला खिळली. म्हणून कृष्णाकाठचं एक गाव आणि माणदेशातलं एक गाव यांची तुलना मुद्दाम करा. रोग दोन्हीकडं तोच, पण एकीकडं ताटात भाकरी होती.

रेघा झाल्या की वयाकडं वळा. साध्या वर्षी मयतांत तान्ही मुलं आणि म्हातारी जास्त असतात. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयाची गर्दी दिसते, आणि इतर देशांपेक्षा आपल्याकडचं वेगळेपण असं की बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. घरात सगळे पडले तरी पाणी आणणारी, उशाशी बसणारी तीच, आणि टंचाईत शेवटी जेवणारीही तीच. म्हणून बायकांची यादी वेगळी करा. ‘कोम’ नंतरचं नाव नवऱ्याचं असतं आणि घाईत लिहिणाऱ्यानं कित्येकदा बाईचं स्वतःचं नाव गाळलेलं असतं : ‘धोंडीची बायको, वय २२’. तेही जसंच्या तसं उतरवून घ्या.

नंतर त्याच बुकातली जन्माची बाजू उघडा. १९१९ च्या पावसाळ्यात, म्हणजे साथीनंतर नऊ महिन्यांनी, जन्म एकदम घटलेले दिसतील. गरोदर बायकांना हा रोग फार घातक होता, आणि जी घरं मोडली तिथं पाळणा कसा हलणार? १९११ ते १९२१ या दहा वर्षांत आपल्या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, असं जनगणनेत एकदाच घडलेलं आहे. त्या घटीतला तुमच्या गावाचा वाटा या दोन बाजूंवर लिहिलेला आहे.

कोतवाल बुक जळलं, वाळवीनं खाल्लं किंवा त्यातलं नेमकं तेच वर्ष गहाळ असलं तरी वाट बंद होत नाही. फेरफाराची नोंदवही मागा, गाव नमुना नंबर ६. जमिनीचा मालक मेला की वारसाची नोंद होते, आणि १९१९-२० मध्ये अशा वारस नोंदींची रीघ लागलेली असते. त्यात ‘अ. पा. क.’ ही अक्षरं शोधा : अज्ञान पालन कर्ता. म्हणजे वारस लहान आहे, त्याच्या वतीनं चुलता, आई किंवा आजी उभी आहे. एका गावात एकाच वर्षी अशी किती लेकरं अज्ञान वारस झाली हे मोजलं की मयतांच्या यादीइतकंच स्पष्ट चित्र उभं राहतं. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती ते यात येणार नाहीत, हे मात्र यादीवर ठळक लिहा. भूमिहीनांची घरं याच कारणानं इतिहासातून दुसऱ्यांदा पुसली जातात.

सांगलीकडच्या गावांत हेळवी येतात, बैलावर वंशावळीची बाडं घेऊन. ते आले की आपल्या घराची वंशावळ वाचून घ्याच, पण त्यांना हेही विचारा की कोणत्या पिढीत फांद्या एकदम तुटल्या आहेत. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘स्पॅनिश फ्लू’ विचारू नका. ‘मानमोडीच्या साथीत आपल्यातलं कोण गेलं?’ असं विचारा. आता तो काळ बघितलेलं कोणी नाही, पण आजीच्या सासूनं सांगितलेलं अजून निघतं. ‘आमची आत्या पोरकी होती, तिला मामानं वाढवलं’, असं एखादं वाक्य आलं की आत्याचं जन्मसाल विचारायचं आणि बुक उघडायचं.

तुलनेसाठी पुढच्या साथीही मोजा म्हणतात काही जण. मोजा, पण फार अपेक्षा ठेवू नका. १९५७ ची साथ चीनमधून निघाली, हाँगकाँगवरून मे महिन्यात मद्रास बंदरात उतरली आणि देशभर पसरली, लाखो लोक आजारी पडले. १९६८ ची हाँगकाँगची. या दोन्ही वेळी माणसांत फिरणाऱ्या विषाणूनं पक्ष्यांच्या विषाणूचे काही तुकडे उचलले होते. दोन्ही वेळी मृत्यू तुलनेनं कमी, आणि गावच्या महिनावार तक्त्यात ते बहुधा उठून दिसत नाहीत. २००९ चा स्वाइन फ्लू मेक्सिकोतून आला, जागतिक आरोग्य संघटनेनं ११ जूनला जागतिक साथ जाहीर केली, देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला शेजारच्या पुण्यात झाला. या नोंदी आता ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत असतात. ज्यांची माणसं गेली ती घरं आज तुमच्या शेजारी आहेत, म्हणून या साथीची आणि २०२० नंतरच्या करोनाची नावं कागदावर घेऊ नका, फक्त आकडे घ्या.

१९१८ च्या नावांबाबतही विचार करा. बुकात जात लिहिलेली असते. संपूर्ण यादी मोबाईलवरून गावभर फिरवू नका. महिनावार आकडे, वयं, बायका-पुरुष हे सगळ्यांसाठी. नाव असलेली यादी त्या-त्या घरासाठी. त्यांनी संमती दिली तरच पुढं.

शेवटी तक्ता स्वच्छ लिहून काढा. कोणतं बुक, कोणत्या वर्षांचं, किती पानं गहाळ, कोणती ओळ वाचता आली नाही, वाचणाऱ्याचं नाव, तारीख, हे त्यावर असलंच पाहिजे. न लागलेल्या नावाच्या जागी अंदाजानं दुसरं नाव भरू नका, रेघ मारून सोडा. पुढचा वाचणारा लावील. एक प्रत शाळेत द्या, एक ग्रामपंचायतीत, आणि एक अभिलेख कक्षातल्या त्या कारकुनाला नेऊन द्या, म्हणजे पुढं कोणी तेच बुक मागायला आलं तर जुनी पानं पुन्हा उलटावी लागणार नाहीत.